वाहनतळावरची शर्यत

फॉर्म्युला वन मोटारींची पहिली मायामी ग्रां प्री ८ मे २०२२ रोजी झाली, तेव्हा शर्यतीइतकीच चर्चा एका बंदराची झाली. शर्यतीच्या मार्गालगत निळ्या विनाईलचा पृष्ठभाग अंथरलेला, त्यावर पाण्याचे तरंग छापलेले आणि त्या छापील पाण्यावर खऱ्याखुऱ्या आलिशान बोटी उभ्या केलेल्या. बोटींवर मोनॅकोच्या थाटात बसलेले प्रेक्षक. समुद्र तेथून कितीतरी किलोमीटर दूर होता. या प्लॅस्टिकच्या बंदराची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल झाली, आणि ती रास्तच होती. परंतु त्या बंदरामागे एक इतिहास होता, आणि तो मात्र टिंगलीत हरवून गेला. मायामीच्या शर्यतीच्या मूळ आराखड्यात खरे पाणी होते. ते सोडून शर्यत एका स्टेडियमच्या वाहनतळावर का आली, हा प्रश्न विचारला की मोटारींच्या खेळापेक्षा शहरांच्या राजकारणाविषयी अधिक काही कळते.

हे स्टेडियम म्हणजे मायामीच्या उत्तरेस, मायामी गार्डन्स या शहरातील हार्ड रॉक स्टेडियम. सुमारे ६५ हजार प्रेक्षकांचे हे क्रीडांगण १९८७ मध्ये जो रॉबी स्टेडियम या नावाने सुरू झाले; पुढे त्याची नावे अनेकदा बदलली. मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते घर. संघाचे आणि स्टेडियमचे मालक स्टीफन रॉस हे बांधकाम व्यवसायातील अब्जाधीश. घरच्या मैदानावर या संघाचे वर्षाकाठी जेमतेम नऊ-दहा सामने होतात. उरलेले दिवस स्टेडियमभोवतालचा अफाट डांबरी वाहनतळ उन्हात तापत पडून असतो. ज्याच्या नावावर ती जमीन आहे, त्याला ती रिकामी पाहवत नाही, हे समजण्याजोगे आहे. त्यातच फ्लोरिडाच्या विधिमंडळाकडून स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी सरकारी मदत मिळवण्याचा रॉस यांचा प्रयत्न २०१३ मध्ये फसला होता. त्यानंतर त्यांनी कोट्यवधी डॉलर स्वतःच्या खिशातून घातले. मायामी-डेड कौंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याशी ढोबळ मानाने तुलना करता येईल अशा प्रशासनाने, २०१४ मध्ये वेगळा करार केला: बांधकामाला पैसे नाहीत, परंतु सुपर बोल किंवा विश्वचषकासारखे मोठे सोहळे येथे आणल्यास प्रत्येक सोहळ्यामागे बक्षीस. मैदान बारमाही राबवण्याची गरज मालकाला होतीच. आता त्यात कौंटीचाही हातभार लागला.

शर्यतीचा मार्ग ५.४१२ किलोमीटरचा. एकोणीस वळणे, सत्तावन्न फेऱ्या, एकूण अंतर ३०८ किलोमीटरच्या आसपास. ब्रिटनमधील एपेक्स या कंपनीने तो आखला. सपाट वाहनतळावर आखलेला रस्ता कंटाळवाणा होणार, ही भीती आरंभापासून होती. म्हणून एका टोकाला तो द्रुतगती महामार्गाच्या उड्डाणपुलांखालून चढ-उतार करीत नेला आहे. पहिल्या वर्षी याच भागाने चालकांना त्रास दिला. कार्लोस साइन्झ आणि एस्तेबान ओकॉन हे सरावात एकाच जागी काँक्रीटच्या भिंतीवर आदळले, आणि तेथे धक्का शोषून घेणारे आधुनिक अडथळे का नाहीत, अशी जाहीर तक्रार झाली. डांबराचा दर्जाही चालकांना पसंत पडला नाही. ठरावीक रेषेबाहेर चाक गेले की पकड सुटे, म्हणून कोणी कोणास ओलांडावयास धजेना. २०२३ च्या शर्यतीपूर्वी संपूर्ण मार्गावर नवे डांबर घालावे लागले. त्या वर्षी मॅक्स व्हर्स्टापेन नवव्या क्रमांकावरून निघून जिंकला. २०२४ मध्ये लँडो नॉरिसला कारकिर्दीतील पहिला विजय येथेच मिळाला. खेळाच्या दृष्टीने मार्ग सुधारला, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

वाहनतळावर शर्यत भरवण्याची कल्पना मात्र नवी नाही. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहाच्या वाहनतळावर १९८१ आणि १९८२ मध्ये फॉर्म्युला वन मोटारी धावल्या होत्या. १९८४ मध्ये डलास येथे फेअर पार्कमध्ये, कॉटन बोल स्टेडियम ज्या प्रदर्शन मैदानात आहे त्याच आवारात, तात्पुरता मार्ग बांधला गेला. जुलैच्या टेक्सासी उन्हात त्याचे डांबर अक्षरशः उखडले. शर्यत कशीबशी पार पडली, केके रोसबर्ग जिंकला आणि फॉर्म्युला वन पुन्हा त्या मैदानाकडे फिरकली नाही. तात्पुरत्या मार्गांची ही जुनी रीत: येतात, धूळ उडवतात, तोटा मोजतात आणि नाहीसे होतात. मायामीचे वेगळेपण असे, की तो नाहीसा होण्याची चिन्हे नाहीत.

लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये फॉर्म्युला वनचा कारभार हाती घेतला, तेव्हापासून अमेरिकेतील बड्या शहरांत शर्यती नेण्याचे तिचे धोरण उघड होते. मायामीत पहिली जागा ठरली ती शहराच्या ऐन मध्यवस्तीत. बेफ्रंट पार्क, बिस्केन बुलेव्हार्ड आणि बंदराकडे जाणारा पूल अशी आखणी होती. दोन्ही बाजूंना समुद्र, मागे काचेचे मनोरे. मे २०१८ मध्ये मायामी शहराच्या आयुक्तांनी तत्त्वतः मंजुरीही दिली. पण या मनोऱ्यांत राहणारे लोक सामान्य नव्हते. रस्ते किती दिवस बंद राहणार, आवाजाचे काय, भिंती उभारण्या-काढण्यात किती आठवडे जाणार, हे प्रश्न त्यांनी संघटितपणे आणि वकिलांकरवी विचारले. वाटाघाटी रेंगाळल्या, आणि २०१९ मध्ये रॉस यांनी शर्यत स्वतःच्या स्टेडियमवर नेण्याचा पर्याय पुढे केला.

त्याच वर्षी आणखी एक क्रीडासोहळा याच वाहनतळावर वस्तीला आला, आणि त्याची कहाणी या कहाणीची जुळी बहीण शोभावी. मायामी ओपन ही टेनिस स्पर्धा तीन दशकांहून अधिक काळ की बिस्केन या श्रीमंत बेटावरील क्रँडन पार्कमध्ये होत असे. उद्यानाची ती जमीन मॅथेसन कुटुंबाने सार्वजनिक उपयोगासाठी दान दिलेली. तेथे स्टेडियमचा विस्तार करावयाचा म्हणताच या कुटुंबाकडून दानाच्या अटींवर बोट ठेवण्यात आले. न्यायालयाने विस्तार रोखला, आणि २०१९ पासून टेनिस मायामी गार्डन्सला आले. मुख्य सामन्यांसाठी चक्क फुटबॉलच्या मैदानावर तात्पुरते टेनिस कोर्ट उभारले जाते.

बेटावरच्या उद्यानाला दानपत्र होते. मध्यवस्तीतल्या सदनिकाधारकांपाशी पैसा होता आणि वजन होते. मायामी गार्डन्सपाशी काय होते? २००३ मध्ये स्वतंत्र नगराचा दर्जा मिळालेले, एक लाखाहून अधिक वस्तीचे हे शहर. बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय, अनेकांचे मूळ कॅरिबियन बेटांत. स्वतःची बैठी घरे बांधून पिढ्यान्पिढ्या राहणारा नोकरदार मध्यमवर्ग येथे मोठा आहे. स्टेडियम बांधले गेले तेव्हाही परिसरातील घरमालकांची संघटना न्यायालयात गेली होती. म्हणजे या वस्तीने विरोध करावयास २०१९ साली सुरुवात केली असे नव्हे. स्टेडियम तेथे आहे, हाच तिच्या आधीच्या पराभवाचा पुरावा होता.

विरोधाचे नेतृत्व माजी कौंटी आयुक्त बेट्टी फर्ग्युसन यांच्याकडे आले. मायामीच्या गोऱ्या व श्रीमंत भागांनी नाकारलेला गोंगाट आणि धूर कृष्णवर्णीयांच्या दारात आणून टाकला जात आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पहिल्या आराखड्यात मार्गाचा काही भाग स्टेडियमसमोरच्या १९९ व्या रस्त्यावरून जात होता. हा सार्वजनिक रस्ता. तो बंद करावयाचा तर लोकप्रतिनिधींची संमती हवी, असा ठराव कौंटीच्या आयुक्त मंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये संमत केला. बार्बरा जॉर्डन या स्थानिक आयुक्तांनी तो मांडला होता. कौंटीचे महापौर कार्लोस हिमेनेझ यांनी नकाराधिकार वापरून तो रद्दबातल केला, आणि नकाराधिकार उलथवण्यासाठी लागणारी मते मंडळात जमली नाहीत.

यानंतर घडले ते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म होय. आयोजकांनी आराखडाच बदलला. १९९ वा रस्ता वगळून सर्व मार्ग स्टेडियमच्या खासगी आवारात बसवला. कागदावर ही रहिवाशांना दिलेली सवलत होती: रस्ता बंद नाही, शाळांच्या वेळेत मोटारी धावणार नाहीत, आवाज रोखण्यासाठी भिंती बांधू. पण याच सवलतीने विरोधकांच्या हातातील सर्वांत धारदार शस्त्र काढून घेतले. शहरातील रस्त्यांवरच्या शर्यतीला रस्ता लागतो, आणि रस्ता सर्वांचा असतो. तो घ्यावयाचा तर सुनावणी घ्यावी लागते, मतदान घ्यावे लागते, आढेवेढे सहन करावे लागतात. स्टेडियमचा वाहनतळ मालकाचा. तेथे रस्ताबंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. आवाज मात्र कुंपणापाशी थांबत नाही.

२०२० च्या निवडणुकांनंतर शहराच्या आणि कौंटीच्या सभागृहांतील चेहरे बदलले. मुदत संपल्याने जॉर्डन पायउतार झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये मायामी गार्डन्सच्या नगरपरिषदेने शर्यतीला मान्यता दिली. मोबदल्यात ५० लाख डॉलरचा लोककल्याण निधी, रहिवाशांना सवलतीत तिकिटे, स्थानिक खाद्यविक्रेत्यांना आवारात जागा आणि विद्यार्थ्यांसाठी काही उपक्रम ठरले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत फॉर्म्युला वनने दहा वर्षांच्या कराराची घोषणा केली.

नगरपरिषदेने वस्ती विकली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. शर्यत कायद्याने अडवता येत नाही असे दिसू लागल्यावर जे पदरात पडेल ते पाडून घ्यावे, हा हिशेब लोकप्रतिनिधींनी करणे अस्वाभाविक नाही. शहराचे नाव जगाच्या नकाशावर येईल, तरुणांना काम मिळेल, या अपेक्षाही खोट्या नव्हत्या; शहरातल्या अनेक व्यावसायिकांनी शर्यतीचे स्वागत केले. प्रश्न हिशेबाच्या आकड्यांचा आहे. ५० लाख डॉलर ही रक्कम लोकसंख्येने भागली तर दरडोई पन्नास डॉलरही पडत नाहीत, आणि करार दहा वर्षांचा. उलट, पहिल्या शर्यतीने दक्षिण फ्लोरिडाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे ३५ कोटी डॉलरची उलाढाल घडवली, असा आयोजकांचाच दावा आहे. असे आकडे मिठाच्या खड्यासह घ्यावयाचे असतात, कारण एरवी मायामीला येणारा पर्यटक त्या आठवड्यात गर्दी टाळून अन्यत्र गेला, याची वजाबाकी त्यांत क्वचितच असते. पण दावा घटकाभर खरा मानला, तरी ती उलाढाल होते कोठे? शर्यतीचा धनिक प्रेक्षक उतरतो तो मायामी बीचच्या आणि मध्यवस्तीच्या हॉटेलांत. तेथेच जेवतो, तेथेच खरेदी करतो. मोटारींचा आवाज मात्र ऐकतात ते मायामी गार्डन्सचे रहिवासी.

या आवाजाचे प्रकरण न्यायालयात गेले. रहिवाशांनी वांशिक भेदभावाचाही आरोप केला होता. तो टिकला नाही. आवाजाच्या मुद्द्यावर ९७ डेसिबल हा आकडा त्या काळात गाजला. ९७ डेसिबल म्हणजे काय, हे गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींसमोरून गेलेल्या पुणेकराला वा मुंबईकराला वेगळे सांगावयास नको. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आणि डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते: दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. २०१४ पासूनची संकरित इंजिने पूर्वीच्या इंजिनांहून शांत आहेत, हे खरे. परंतु तो फरक शर्यतीच्या शौकिनाला जाणवणारा आहे. कुंपणापलीकडे अंगणात बसलेल्या वृद्धेला नव्हे.

एप्रिल २०२२ मध्ये, शर्यतीला काही आठवडे उरले असताना, न्यायाधीशांनी ती रोखण्यास नकार दिला. संभाव्य हानीबाबतचे म्हणणे तर्कावर आधारलेले आहे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नसेल. पण यातून निर्माण होणारा पेच पाहा. शर्यत होण्यापूर्वी हानी काल्पनिक ठरते; आणि शर्यत झाल्यावर ती वर्षातून तीनच दिवसांची म्हणून किरकोळ ठरते. ‘तात्पुरते’ हा शब्द येथे दोन्ही बाजूंनी आयोजकांच्या उपयोगी पडतो.

वास्तविक या मार्गात तात्पुरते आहे तरी काय? काँक्रीटचे ठोकळे, जाळ्या, प्रेक्षकांचे मंच आणि ते विनाईलचे बंदर, एवढेच. डांबर कायमचे आहे. संघांच्या दुरुस्तीकक्षांची आणि बड्या पाहुण्यांच्या सज्जांची इमारत पक्की आहे. २०२३ पासून संघांचा तळही थेट स्टेडियमच्या आत, फुटबॉलच्या मैदानावर पडू लागला. म्हणजे मूळ क्रीडांगण आता शर्यतीचे अंगण झाले. २०२५ च्या शर्यतीच्या तोंडावर करार २०४१ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. तात्पुरत्या मार्गावरील शर्यत वीस वर्षे चालणार. २०२२ साली त्या वस्तीत जन्मलेले मूल तोवर एकोणीस वर्षांचे झालेले असेल.

याच्या शेजारी आपल्याकडचा अनुभव ठेवून पाहावा. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग कायमस्वरूपी म्हणून बांधला गेला. शेकडो एकर जमीन, प्रचंड खर्च, भव्य प्रेक्षागृह. फॉर्म्युला वन तेथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे आली. करमणूक करावरून वाद झाले, यजमान कंपनी कर्जात बुडाली आणि मार्ग ओस पडला. २०२३ मध्ये मोटोजीपीची एक शर्यत झाली तेवढीच. या फजितीनंतर भारतातील आयोजकांचे आणि सरकारांचे लक्ष तात्पुरत्या मार्गांकडे वळले, ते साहजिक होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. पुढल्या वर्षीची शर्यत सत्तांतरानंतर रद्द झाली, आणि आयोजक कंपनीला सरकारी तिजोरीतून दिलेल्या सुमारे ५५ कोटी रुपयांवरून माजी मंत्री के. टी. रामाराव यांच्यावर डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदला गेला. त्यांनी आरोप फेटाळले आहेत. चेन्नईत २०२४ च्या ऑगस्टअखेर आयलंड मैदानाभोवतीच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. तेथेही परिसरातील रुग्णालयांचा आणि आवाजाचा मुद्दा मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला होता आणि न्यायालयाने अटी घालूनच परवानगी दिली. २०२५ मध्ये नवी मुंबईत पाम बीच मार्गाच्या परिसरात अशीच शर्यत भरवण्याची घोषणा झाली, तेव्हा हा विषय महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर आला.

मायामीत शर्यत अखेर खासगी जमिनीवर आणि मुख्यतः खासगी पैशावर झाली. म्हणून तेथील नागरिकांना ‘आमच्या रस्त्यावर, आमच्या पैशाने’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. भारतीय शहरांत परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. रस्ता सार्वजनिक, डांबर महापालिकेचे, बंदोबस्त पोलिसांचा, आणि हैदराबादसारख्या ठिकाणी शुल्कही सरकारचे. म्हणजे संमती विचारण्याचा जो अधिकार मायामी गार्डन्सच्या रहिवाशांच्या हातून आराखड्याच्या एका रेघेने निसटला, तो येथील नागरिकांकडे शाबूत आहे. मात्र शर्यतीची घोषणा पत्रकार परिषदेत आधी होते आणि रहिवाशांना रस्तेबंदीचे वेळापत्रक नंतर मिळते, हा आपला प्रघात. मायामीत निदान आयुक्तांनी मतदान केले, महापौराला नकाराधिकार वापरावा लागला, आणि कोणी कोणत्या बाजूने हात वर केला याची नोंद राहिली.

दक्षिण कोरियाच्या राजधानीतील एका प्रयोगाची येथे आठवण होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलच्या जामसिल ऑलिंपिक स्टेडियमभोवती फॉर्म्युला ई ची शर्यत झाली. मार्गाचा काही भाग तर थेट १९८८ च्या ऑलिंपिक स्टेडियमच्या आतून जात होता. विजेच्या मोटारी, त्यामुळे आवाज कमी. दोन दिवसांच्या शर्यती संपल्या, मार्ग उचलला गेला, आणि मोटारी पुन्हा तेथे आल्या नाहीत. तात्पुरता या शब्दाचा सरळ अर्थ पाहावयाचा असेल, तर तो तेथे दिसतो.

मायामी गार्डन्समध्ये दर मे महिन्यात शर्यत संपते, मंच उतरवले जातात, काँक्रीटचे ठोकळे रचून ठेवले जातात आणि ऑगस्टपासून फुटबॉलचे प्रेक्षक त्याच डांबरावर आपल्या मोटारी उभ्या करतात. १९९ वा रस्ता शर्यतीच्या मार्गात आजही नाही. नवी मुंबईच्या रहिवाशांना उद्या नकाशा दाखवला गेला, तर त्यांनी आधी पाहावयाचे ते वळणांची संख्या नव्हे, तर करार किती वर्षांचा आहे, तो वाढवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि पहिली मोटार धावण्यापूर्वी त्यांच्या खिडकीपाशी आवाज मोजण्याचे काम कोणावर सोपवले आहे.